किलोमीटर विचारू नका, तेलाची वही मागा



गेल्या दोन महिन्यांत मंडळातल्या तिघींनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, सेकंड हँड ऑटोमॅटिक गाडी बघतोय. लाखाच्या वर चाललेली आहे. घ्यावी का? गिअरबॉक्स टिकेल का?" तिघींनाही फोनवर अर्धवट उत्तर दिलं, म्हणून आज नीट लिहिते. मी काही मिस्त्री नाही. पण या एका विषयात आमच्या घराने पैसे घालवून धडा घेतला आहे. तो धडा तुम्हाला फुकट मिळावा, एवढीच इच्छा.

माझं मत आधीच सांगते. जास्त चाललेली ऑटोमॅटिक गाडी घ्यायला हरकत नाही. पण तिच्या गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं याचा लेखी पुरावा असेल तरच. पुरावा नसेल तर गाडी कितीही कमी चाललेली दाखवली, कितीही चमकत असली, तरी ती सोडून द्या.

आता आमची गोष्ट. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्याने संप पुकारला. क्लच दाबला की कळ यायची. सासूबाईंना दर दोन महिन्यांनी नागपूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. गोंदियाहून जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर होतात आणि यांना दुकान सोडून दर वेळी येणं जमत नाही. म्हणून ऑटोमॅटिक घ्यायचं ठरलं. बजेट पाच लाखांचं, म्हणजे सेकंड हँडच. त्यात माझे शिकवणीचे साठवलेले पैसेही होते.

नागपुरात एकाच दिवशी दोन गाड्या पाहिल्या. पहिली एका निवृत्त गृहस्थांची. मीटरवर १ लाख २५ हजार किलोमीटर. त्यांच्याकडे एक जाडजूड फाइल होती, पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं लावलेली. गिअरबॉक्सचं तेल दोनदा बदलल्याचं बिलही त्यात होतं. दुसरी गाडी एका विक्रेत्याकडची. मीटरवर ६८ हजार. पॉलिश अशी की तोंड दिसावं. बिलं मागितली तर म्हणाला, "पहिल्या मालकाने जपून नाही ठेवली, पण गाडी एकदम मक्खन आहे."

आम्ही कोणती घेतली, हे सांगायला नको. ६८ हा आकडा १२५ पेक्षा लहान आहे, एवढाच हिशेब केला.

आठ महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका दुपारी नागपूरहून परत येताना साकोली ओलांडली आणि गाडी विचित्र वागू लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे सरकायची नाही. कोहमाऱ्याच्या अलीकडे, नागझिरा-नवेगावच्या जंगलपट्ट्यात, ती उभीच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "काहून थांबली गाडी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. जवळचं पाणी तापलेलं आणि संपत आलेलं. पाच वाजता उभी राहिलेली गाडी न्यायला क्रेन आली तेव्हा अंधार पडला होता. घरी पोहोचायला रात्रीचे साडेदहा झाले. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स उघडला. तेल काळंठिक्कर, जळका वास. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, हे तेल कंपनीतून आलं तेच आहे. कधी बदललेलंच नाही." बिल आलं १ लाख ४० हजार. मग आमच्या भाऊजींनी गाडीच्या नंबरवरून जुनी सर्व्हिस नोंद काढली. आमच्या खरेदीच्या तीन वर्षं आधीच तिच्या नावावर १ लाख १२ हजार किलोमीटर लागलेले होते. मीटर मागे फिरवलेलं होतं.

यावरून आमच्या यांनी निष्कर्ष काढला, "ऑटोमॅटिकच्या नादाला लागूच नये." अनेक घरांत असंच म्हणतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते तुमच्याआमच्या स्कूटरवरूनच सांगते.

१९८४ मध्ये महाराष्ट्रातल्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर भागीदारी करून कायनेटिक होंडा ही स्कूटर आणली. बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली. आज आपण ज्या अ‍ॅक्टिव्हावर भाजी आणतो, मुलांना शाळेत सोडतो, ती त्याच पद्धतीची आहे. तिच्या आत दोन पुली आणि त्यांवर एक पट्टा असतो. वेग वाढला की पुली आपला घेर बदलते, म्हणून गिअर टाकावा लागत नाही. हा पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर झिजतो, आपण बदलून घेतो आणि पुढे चालू लागतो. पट्टा बदलावा लागला म्हणून कोणी स्कूटरला दगाबाज म्हणतं का? नाही. कारण त्या पट्ट्याला वय असतं हे आपल्याला माहीत आहे.

गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही झिजणाऱ्या वस्तू आहेत. फरक इतकाच, की त्या आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून पहिला प्रश्न "ऑटोमॅटिक चांगली की वाईट" हा नाही. पहिला प्रश्न आहे, "कोणत्या जातीची ऑटोमॅटिक?" आपल्याकडे मुख्यतः चार मिळतात.

पहिली एएमटी. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर ही आपल्याकडे स्वस्तात आली आणि मग बहुतेक छोट्या गाड्यांत दिसू लागली. हा खरं तर साधा हातचा गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबणं आणि गिअर बदलणं हे काम आपल्या पायाहाताऐवजी एक यंत्र करतं. म्हणून क्लच प्लेट इथेही झिजते. रेल्वे फाटकापाशी किंवा पुलाच्या चढावर ब्रेक न लावता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल, तर ती लवकर जळते. दुरुस्ती चारही जातींत साधारण स्वस्त, कारण क्लच प्लेट बदलणारे मिस्त्री गावोगाव आहेत. क्लच चालवणारं यंत्र बिघडलं तर मात्र खर्च वाढतो. लाखभर चाललेली एएमटी घेताना क्लच बदलल्याचं बिल मागा. नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.

दुसरी सीव्हीटी. आमची गाडी याच जातीची. स्कूटरसारखीच दोन पुलींची रचना, पण पट्टा रबराचा नसून पोलादाचा, आणि सगळं एका खास तेलात बुडलेलं. चालवायला इतकी मऊ की धक्का म्हणून बसत नाही. पण या तेलावरच पट्ट्याचा जीव अवलंबून असतो. तेल म्हातारं झालं की पट्टा पुलीवरून घसरायला लागतो आणि पोलादावर चरे पडतात. त्यानंतर नवीन तेल घालून काही उपयोग नसतो.

तिसरी टॉर्क कन्व्हर्टर. ही सगळ्यांत जुनी पद्धत, मोठ्या गाड्यांत जास्त दिसते. समजायला सोपी आहे. पातेल्यात रवी फिरवली की ताक फिरतं आणि त्यात पडलेलं कढीपत्त्याचं पान रवीने न शिवताही फिरतं. इथे इंजिनाची ताकद तशीच तेलामार्फत चाकांकडे जाते. जास्त चाललेल्या गाडीत माझा सर्वांत जास्त विश्वास हिच्यावर आहे, पण तेल बदललेलं असेल तरच. मी चौकशी केली त्या बहुतेक मिस्त्रींचंही हेच म्हणणं पडलं.

चौथी डीसीटी. हिला दोन क्लच असतात. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून पळायला फार चपळ. पण रचना गुंतागुंतीची. फोक्सवॅगनने २०१३ च्या मार्चमध्ये चीनमधल्या ३ लाख ८४ हजारांहून जास्त गाड्या अशा गिअरबॉक्ससाठी परत बोलावल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांतलं गिअरबॉक्सचं कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरायचं ठरलं. कारण दिलं होतं, उष्ण आणि दमट हवा आणि सतत थांबत-थांबत चालणं. आता आपला मे महिना आठवा, पारा ४५ च्या आसपास, आणि मग जुलैची दमट हवा. त्यानंतर या गिअरबॉक्समध्ये सुधारणा झाल्या, हे खरं. तरीही जुनी, जास्त चाललेली, वॉरंटी संपलेली आणि कागद नसलेली डीसीटी मी माझ्या बहिणीला घेऊ देणार नाही.

आता तेलाबद्दल. विक्रेते हमखास सांगतात, "यात लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही." इथे विचारायचं, कोणाच्या लाइफचं? अनेक नावाजलेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा उशिरात उशिरा ८ वर्षांनी तेल बदलावं. म्हणजे आपल्या हातात लाखभर चालून येणारी गाडी नेमकी त्या टप्प्यावर उभी असते. पहिल्या मालकाने तेल बदललं नाही, तर त्याचं बिल आपण भरतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तेल बदलण्याचा तक्ता असतो. उन्हाळा, धूळ, रहदारी यांसाठी बहुधा लवकरची मुदत वेगळी दिलेली असते. आपल्याकडे ती लवकरची मुदतच धरायची.

म्हणून मी म्हणते की किलोमीटरच्या आकड्याला घाबरू नका. हायवेवर एका गिअरमध्ये शांत चाललेले लाख किलोमीटर गिअरबॉक्सला फारसे जड जात नाहीत. बाजारातल्या गर्दीत, फाटकावर, दर मिनिटाला गिअर बदलत चाललेले पन्नास हजार जास्त झिजवतात. तुमच्याआमच्या घरी दुकानाची वही रोज लिहिली जाते, दिवाळीला तिची पूजा होते. ज्या घरात गाडीचीही वही ठेवली जाते, तिथली गाडी घ्यावी.

कागद पटले तरी गाडी चालवून पाहायचीच. मी आता काय करते ते सांगते.

सकाळी लवकर जाते आणि आधी कळवते की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवते. गरम असेल तर समजायचं की काही लपवण्यासाठी आधीच तापवली असावी. थंड गिअरबॉक्समधले दोष तापल्यावर झाकले जातात, आणि काही दोष उलट तापल्यावरच दिसतात. म्हणून थंड असताना एकदा आणि अर्धा-पाऊण तास चालवल्यावर पुन्हा एकदा, अशी दोनदा परीक्षा.

ब्रेकवर पाय ठेवून पार्किंगमधून रिव्हर्स, मग ड्राइव्ह टाकायचं. गाडीने लगेच, हळुवार पकड घ्यावी. दोन-तीन सेकंद काहीच न होणं किंवा "धाड" असा धक्का बसणं, दोन्ही वाईट. मग पुलाच्या चढावर न्यायची. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर गाडी तिथेच सोडून घरी यायचं. आमच्या गाडीची तीच तऱ्हा होती. मी पहिल्या दिवशी चढावर चालवून पाहिलंच नव्हतं. चढावर रिव्हर्सही घेऊन पाहायचा. सीव्हीटीत हळू वेगाला थरथर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का ऐकायचं. एएमटीत गिअर बदलताना मान थोडी डुलते, ते स्वाभाविक आहे. पण सुटताना गाडी थडथडत असेल किंवा जळका वास येत असेल तर क्लच संपत आलाय.

मग आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेऊन स्कॅनर लावायचा. विक्रेत्याच्या मिस्त्रीकडे नाही. आणि नुसतं इंजिन नाही, गिअरबॉक्सचीही नोंद तपासायला सांगायची. कालच सगळ्या नोंदी पुसलेल्या दिसल्या तर का पुसल्या ते विचारायचं. विक्रेता बाहेर तपासणीला गाडी द्यायला तयार नसेल, तर बयाणा देऊ नका.

मीटर खरं आहे का, हे ओळखायच्या साध्या खुणाही आहेत. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं, ड्रायव्हरची सीट. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांची, कमी चाललेली म्हणून सांगितलेली गाडी चारही नव्या टायरवर उभी असेल तर आधीचे कुठे झिजले, हे विचारा. सर्वांत भक्कम पुरावा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद. मालकाला सोबत घेऊन ती काढायला लावा. एमपरिवाहन अ‍ॅपवर कितवा मालक, नोंदणी कधीची, कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणायला लाजायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला आजही खुपते. गाडी बंद पडली तेव्हा विक्रेत्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी कोण चालवत होतं? मॅडम का?" जणू सगळा दोष माझ्या पायाचा. मैत्रिणींनो, हे फक्त गोंदिया-नागपुरात होत नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट नावाच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सबद्दल हजारो तक्रारी आल्या. गाडी थरथरते ती तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे, असं ग्राहकांना सांगितलं जात होतं. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने या तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीबद्दल कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तेव्हा कोणी तुमच्या चालवण्यावर बोट ठेवलं तर खाली मान घालू नका. "कारण कागदावर लिहून द्या," एवढंच म्हणा.

शेवटी पैशांचं. सगळं बजेट गाडीच्या किमतीत घालवू नका. पाच लाख असतील तर चारची गाडी बघा आणि लाखभर बाजूला ठेवा. गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात गिअरबॉक्सचं तेल बदला, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. सीव्हीटीत दुसऱ्या जातीचं तेल पडलं तर नुकसान होतं. एवढे पैसे नसतील तर साधी हातच्या गिअरची गाडी घ्या, त्यात कमीपणा नाही. पण गुडघा किंवा पाठ दुखत असताना केवळ भीतीपोटी ऑटोमॅटिक नाकारून घरी बसणंही मला मान्य नाही. ऑटोमॅटिक आली म्हणून मी सासूबाईंना कोणाची वाट न बघता दवाखान्यात नेऊ शकते.

त्या पहिल्या गाडीचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. दुरुस्त केली, वर्षभर वापरली आणि मागच्या दिवाळीनंतर विकायला काढली. दलाल म्हणाला, "वहिनी, मीटरवर ऐंशी हजार आहेत, तेच सांगा. गिअरबॉक्सचं बोलूच नका. साडेतीन लाख कुठेच गेले नाहीत." आमच्या घरात दोन दिवस यावर बोलणं झालं. आम्हाला कोणी फसवलं, म्हणून आम्ही पुढच्याला फसवायचं? पाठशाळेत मुलांना अचौर्य अणुव्रताचे अतिचार शिकवताना कमी-जास्त मापाने देण्याघेण्याचा दोष आपण घोकून घेतो. मागे फिरवलेलं मीटर म्हणजे खोटं मापच की. तराजूच्या जागी काटा आहे, एवढाच फरक. सासूबाई म्हणाल्या, "त्या पोराच्या गाडीतही कोणाची तरी सासू बसंल."

आम्ही घेणाऱ्या मुलाला सगळं सांगितलं. जुनी सर्व्हिस नोंद दाखवली, दुरुस्तीचं बिल दिलं, करारपत्रात मीटर चुकीचं असल्याचं लिहिलं. दोन लाख सत्तर हजारांवर सौदा झाला. ऐंशी हजार कमी. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, वाटलं. पण तो मुलगा अधूनमधून फोन करतो, तेल कधी बदलू विचारतो, आणि तो फोन मी निर्धास्तपणे उचलू शकते.

आता आमच्याकडे टॉर्क कन्व्हर्टरची गाडी आहे. घेतली तेव्हा १ लाख १० हजार चाललेली होती, फाइल पूर्ण होती. तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आहे. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती पैसे. मीच लिहिते. उद्या आम्ही ही गाडी विकली तर ती वही गाडीबरोबर जाईल.

तुमच्या घरातही आजपासून अशी वही ठेवा. गाडी नवी असो वा जुनी.

जय जिनेन्द्र.